जेवणाचा तास कोणाच्या नावावर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्यात एका मिस्त्रीची नोकरी जेवणाच्या तासावरून जाण्याची वेळ आली होती. तास त्याने चोरला नव्हता, कामात कसूर केली नव्हती. तो तास कोणत्या गिऱ्हाइकाच्या नावावर मांडायचा, एवढाच वाद होता. कारखान्याच्या बिलांचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या टेबलावरून गेले.

धंदा समजावा म्हणून थोडे सांगते. आमच्याकडे यंत्रांची दुरुस्ती होत असे. विहिरीवरचे पंप, ऑइल इंजिने, गुऱ्हाळांचे घाणे, साखर कारखान्यांचे गिअरबॉक्स. उचलून आणता येईल ते काम लेथवर कारखान्यात होई. बाकीचे गिऱ्हाइकाच्या जागेवर जाऊन करावे लागे, त्याला सगळे साइट म्हणत. बेअरिंग आणि नटबोल्टांचे पैसे लावणे सोपे असते, त्यांची पावती असते. माणसाच्या वेळेची पावती नसते. मिस्त्री गावी गेला, दिवसभर तिथे होता, संध्याकाळी परत आला. त्यातले काम किती आणि बाकी किती, हे गिऱ्हाइकाला पटेल असे लिहिणे म्हणजे आमचे बिल.

पूर्वी हा प्रश्न मालक सोडवत. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ठोक आकडा सांगत. गिऱ्हाईक आबांच्या तोंडाकडे बघून त्याच्या निम्मा सांगे. मग चहा येई आणि दोघे मध्ये कुठेतरी भेटत. ही पद्धत वर्षानुवर्षे चालली आणि कोणी उपाशी राहिले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात साखर कारखाने आणि मोठ्या कंपन्या तासवार बिल मागू लागल्या. कोणता माणूस, कोणत्या दिवशी, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत. आबांनी संगणक घेतला. मी तोपर्यंत एका दैनिकाच्या संपादकीय विभागातून इथे आले होते. तिथे वेळेवर पान लावायची सवय झाली होती, तीच आबांना हवी होती. संगणकासाठी काचेची खोली झाली, तिला वातानुकूलन बसले, आणि आत जाताना चपला बाहेर काढायचा नियम झाला. आबांच्या स्वतःच्या खोलीत पंखा होता. मे महिन्यात ते काही ना काही विचारायचे निमित्त काढून माझ्याकडे येऊन बसत.

बिलांचा प्रोग्रॅम राजारामपुरीतल्या सतीश नावाच्या तरुणाने लिहिला होता. त्यात प्रत्येक कामाला एक नंबर आणि प्रत्येक माणसाला ताशी दर होता. मिस्त्रीने दिलेल्या कागदावरून मी तास भरायचे आणि महिनाअखेर प्रिंटर कर्कश आवाज करत बिल काढायचा. त्यात एक नियम होता. माणसाला जितक्या तासांचा पगार द्यायचा, तितके सगळे तास कोणत्या ना कोणत्या कामाच्या नंबरावर पडले पाहिजेत. बेरीज जुळल्याशिवाय प्रोग्रॅम तो दिवस बंद करत नसे. सतीशला या नियमाचा अभिमान होता. मलाही तो आवडला. त्यामुळे एकही तास हवेत राहत नव्हता.

गिऱ्हाइकांना मात्र तास ही गोष्टच नवी होती. पन्हाळ्याच्या बाजूचे एक गुऱ्हाळवाले बिल घेऊन आले आणि म्हणाले, "पावणं, मिस्त्री बिडी वडताना तुमचं घड्याळ चालू असतंय का बंद?" मी बाई आहे हे त्यांना दिसत होते, पण कचेरीतल्या माणसाला पावणं म्हणायची सवय सुटत नव्हती. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले मिस्त्रीसमोर खुर्ची टाकून, मनगटावरचे घड्याळ काढून मांडीवर ठेवून बसले. मिस्त्रीने काम नेहमीपेक्षा लवकर संपवले. मागवाल्यांनी घड्याळाकडे बघितले आणि विचारले, "एवढ्यात झालं? मग पैसे कशाचे?"

अशा तक्रारी निभावून नेता येत. शिरोळ तालुक्यातल्या उपसा सिंचन संस्थेची तक्रार वेगळी निघाली.

नदीकाठच्या विहिरीतल्या मोठ्या पंपाचा शाफ्ट वाकला होता. आमचा सर्वांत जुना साइट मिस्त्री मारुती तिकडे गेला. नदीपासून गावापर्यंत खाणावळ नव्हती. संस्थेच्या चेअरमनांनी त्याला दुपारी घरी जेवायला नेले. आमच्या माणसांना फाटकातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा पगार मिळत असे, जेवणाची वेळ धरून. ही आबांच्या वडिलांपासूनची रीत. मारुतीने कागदावर सकाळपासून संध्याकाळपर्यंतची वेळ लिहिली. मी ती भरली, बेरीज जुळली, दिवस बंद झाला. बिलाला वेळेचा तक्ता जोडून पोस्टात टाकला.

काही दिवसांनी चेअरमन जीप घेऊन आले. गावात त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी दारात चपला काढल्या, काचेच्या खोलीत आले आणि तक्ता माझ्यापुढे ठेवला.

"बाई, ह्यो कागुद तुम्हीच काढला?"

"मशीननं काढला. आकडे मी भरले."

"मग मशीनलाच इचारतो. एक ते दोन मिस्त्री काय करत हुता?"

मी तक्ता बघून म्हणाले, "साइटवर होता."

"साइटवर न्हाय. माझ्या सोप्यात हुता. मांडी घालून. आमची मंडळी वाढत हुती."

आबा त्यांच्या खोलीतून येऊन दारात उभे राहिले. काय झाले ते त्यांच्या लगेच लक्षात आले. "आप्पा, एका तासाचं काय घिऊन बसलाय? कमी करतो की."

"कमी?" चेअरमन म्हणाले. "मी पैशासाठनं आलोय व्हय कोल्लापूरला? त्याच्यापेक्षा जादा डिझेल जाळलंय जीपनं." त्यांनी बिलाची पूर्ण रक्कम टेबलावर मोजून ठेवली. आबांनी नोटा परत सरकवल्या, त्यांनी त्या पुन्हा पुढे केल्या. "आता मिस्त्रीला सांगा, ताटाचं बी बिल लिव. भाकरी, वांगं, दही. तेवढं मी त्याच्याकडनं घेतो, म्हंजे फिटाफिट. आनि त्याला परत आमच्या गावात धाडू नका. जेवल्यालं मोजनारा मानूस नको आमाला."

बोलताना त्यांनी आवाज वाढवला नव्हता, तरी लेथवरच्या माणसांनी सगळे ऐकले. मारुती साइटवरून परतेपर्यंत बातमी त्याच्या बाकावर येऊन बसली होती. तो तसाच माझ्याकडे आला.

"ताई, आप्पांना काय सांगितलं तुम्ही? मी कवा म्हटलं जेवणाचं पैसे घ्या?"

मी त्याला नियम सांगितला. पगाराचा प्रत्येक तास कामावर पडतो, नाहीतर दिवस बंद होत नाही.

"मग जेवल्याला तास कुठं टाकू मी?"

"कुठल्या तरी कामावर टाकावाच लागेल. मशीन घेत नाही."

"कुठल्या तरी," तो म्हणाला आणि गेला.

मारुतीचे काम खेड्यांवर चालायचे. पेठ वडगावपासून शिरोळपर्यंत त्याला घरोघरी ओळखत. पंप दुरुस्त करता करता त्याने कोणाच्या पोराला नोकरीचे सांगितले होते, कोणाच्या मुलीला स्थळ सुचवले होते. जेवण मोजणारा माणूस हे नाव एका गावातून दुसऱ्या गावात जायला वेळ लागणार नव्हता. पगार कापला असता तर त्याने भांडून घेतला असता. याच्यावर भांडायचे कोणाशी, हे त्याला कळत नव्हते.

त्यानंतर मात्र खेड्यांतली बिले शांतपणे जाऊ लागली. सगळ्याच मिस्त्रींच्या कागदांवरून गावच्या कामांतला दुपारचा तास नाहीसा झाला आणि तरीही दिवसाची बेरीज बरोबर जुळत होती. तो तास जात होता एका मोठ्या साखर कारखान्याच्या कामावर. हंगाम संपला की कारखान्याची यंत्रे उघडून दुरुस्त करतात. ते काम उन्हाळाभर चालते, आमची माणसे रोज तिकडे जात-येत असत, त्यामुळे त्या नंबरावर एखाद्याचा एक तास वाढला तर उठून दिसत नव्हता. प्रोग्रॅम बेरीज तपासत होता. एकच माणूस एका दिवसात दोन गावांना कसा पोहोचला, हे त्याला कोणी विचारायला शिकवले नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या कारखान्याच्या चीफ अकौंटंटांचा फोन आला. हे गृहस्थ अतिशय मोजके बोलत.

"तुमच्या बिलाप्रमाणे मारुती नावाचे मिस्त्री आमच्या मिलमध्ये एक तास काम करून गेले."

त्यांनी सांगितलेली तारीख बघून मी हो म्हणाले.

"त्या दिवशी ऊस उत्पादकांनी आमचं फाटक अडवलं होतं. मला आत जाता आलं नाही. मॅनेजिंग डायरेक्टरांना आत जाता आलं नाही. आम्ही दोघं समोरच्या टपरीवर बसून होतो. तुमचे मिस्त्री कुठून आत गेले ते कळवा, आम्हाला पुढच्या वेळी उपयोगी पडेल."

मी उन्हाळाभराचे कागद काढून बसले. खेड्यातल्या प्रत्येक कामाच्या दिवशी साखर कारखान्यावर एक तास होता. एक माणूस नव्हे, सगळे.

आबांनी साइटच्या सर्व माणसांना बोलावले. कोणी काही म्हणायच्या आत मारुती पुढे झाला.

"मीच सांगितलं सगळ्यांना. ह्यांचा दोष न्हाय."

"खोटं तास लिवायला सांगितलंस? एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला?"

"जेवल्याल्या घरावर तास लावायचा न्हाय, हे खोटं हाय व्हय आबा? आनि कुठं तरी टाकावाच लागंल म्हणून ताईंनीच सांगितल्यालं."

आबांनी माझ्याकडे बघितले. मारुती सांगत होता ते खरे होते आणि मी तसे सांगितले. आबांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "ते काय बी असू दे. कारखान्याला मी काय तोंड दाखवू? मानूस काढला, एवढं एकच सांगता येतंय."

साखर कारखान्याचे काम गेले असते तर लेथवरची निम्मी माणसे घरी बसली असती. आबांची बाजू समजण्यासारखी होती. मी त्यांना म्हणाले, की माणूस काढला तरी उद्या नवा मिस्त्री गावात जेवेल आणि तो तास पुन्हा कुठेतरी पडेल. नियमच असा आहे, की आपण स्वतःच्या अंगावर घ्यायचा तास मांडायला जागाच नाही. जागा करू, दुरुस्त बिल तयार करू, आणि मारुतीला बरोबर घेऊनच तिकडे जाऊ.

"आनि त्यो जेवणाचा तास कुणी सोसायचा?"

"आपण."

"म्हंजे लोकांच्या घरी जेवणार हे, आनि पैसे मी देणार."

"आधीही तुम्हीच देत होता. ठोक बिलात दिसत नव्हतं."

आबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "जाऊ या," ते म्हणाले. "पर अकौंटंट काढा म्हणाला, तर मी काढणार. हे आत्ताच सांगून ठेवतो. मारुती, ऐकलंस का?"

"ऐकलं."

सतीश येऊन दोन दिवस प्रोग्रॅममध्ये डोके घालून बसला. शून्य दर दिला तर प्रोग्रॅम ती भरणाऱ्याची चूक समजत होता आणि पुढे सरकत नव्हता. शेवटी त्याने स्वतंत्र सदर केले. त्यात टाकलेला तास पगाराच्या बेरजेत धरला जाई, बिलावर छापला जाई, पण त्याच्यापुढे आकार नाही असे येई. आमच्या प्रिंटरला देवनागरी येत नव्हती, म्हणून रोमन लिपीत 'जेवण' असे छापायचे ठरले. सतीशला ते बरे वाटले नाही. व्यावसायिक बिलावर असला शब्द शोभत नाही, असे तो म्हणत होता. आबा म्हणाले, "मानसं जेवत्यात. त्यात काय शोभायचं?"

आम्ही तिघे जीपमधून साखर कारखान्यावर गेलो. चीफ अकौंटंटांनी दुरुस्त बिल घेतले आणि हातात पेन्सिल धरून ओळ न् ओळ वाचली.

"हे तास आमचे नाहीत, हे आता तुम्हीच म्हणता. मग कोणाचे?"

"आमचे," आबा म्हणाले.

अकौंटंटांनी मारुतीकडे बघितले. "मिस्त्री तुम्हीच ना? एवढी गिऱ्हाइकं असताना आमच्याच अंगावर का टाकले?"

आबांनी घसा खाकरला. मारुती काय बोलेल याचा भरवसा त्यांना नव्हता, मलाही नव्हता.

"दुसरी हुती की, साहेब," मारुती म्हणाला. "पर सगळ्यांच्यात जेवलोय मी. तुमच्यातच न्हाय."

अकौंटंटांनी पेन्सिल खाली ठेवली. "इथं कॅन्टीन आहे."

"हाय. कुपन लागतंय. कुपन तुमच्या कामगारांस्नी मिळतंय. आमी मिलच्या मागं डबा खातो. पाणी बी बरोबर आणतो."

"किती वर्षं येता इथं?"

"तुमच्या आधीपासनं."

खोलीत दोन कारकून बसले होते. दोघांनी लिहिणे थांबवले होते. अकौंटंटांनी त्यांच्याकडे एकदा बघितले, मग बिलाकडे. मूळ बिलातले जादा तास त्यांनी आडवी रेघ मारून रद्द केले, सही केली आणि आबांना म्हणाले, "पुन्हा असं झालं तर काम बंद. हे लेखी कळवीन. बाहेरच्या फिटरांना कुपन द्यायचं मी मंजूर करून घेतो." मग थोडे थांबून, "आणि ही जी ओळ तुम्ही नवीन काढली आहे, ती आमच्याही बिलावर येऊ द्या."

मारुतीला काढण्याविषयी ते काहीच बोलले नाहीत. आबांनीही विचारले नाही. जीपमध्ये बसल्यावर आबा पुढे बघत म्हणाले, "उद्या वडगावला जायाचं हाय. आठाला ये."

नव्या ओळीचा परिणाम आमच्यापैकी कोणाच्या अंदाजात नव्हता. लोक बिलाची रक्कम बघायच्या आधी ती ओळ शोधू लागले. वडगावचे एक गिरणीवाले रागावून आले, कारण त्यांच्या शेजाऱ्याच्या बिलावर जेवण छापले होते आणि त्यांच्या बिलावर नव्हते. त्यांचे काम सकाळीच संपले होते, हे पटवून देताना माझी पुरेवाट झाली. "मग चहा तरी लावा की," ते म्हणाले.

शिरोळकडून मात्र काही आले नाही. त्या संस्थेचे काम आता आमच्याच दुसऱ्या मिस्त्रीकडे होते. मारुती त्या रस्त्याने जाताना जीप थांबवून गावात चहा घेत असे, तेही त्याने बंद केले.

त्या वर्षी कृष्णेला मोठा पूर आला. शिरोळ भागातल्या सगळ्या उपसा योजनांच्या मोटारी पाण्याखाली गेल्या. पाणी उतरल्यावर पाऊसही थांबला, कोवळा ऊस वाळू लागला, आणि प्रत्येक संस्थेला मोटार त्याच आठवड्यात बसवून हवी होती. चेअरमनांचा फोन आला तेव्हा आमची साइटची बाकीची सगळी माणसे बाहेर होती. आबांनी तसे सांगितले.

"कोनीच न्हाय?"

"मारुती हाय."

लाइन तुटली असे समजून आबा फोन ठेवणार होते.

"धाडा," चेअरमन म्हणाले.

मारुती गेला, रात्र पडेपर्यंत राहिला आणि मोटार चालू करून आला. कागदावर त्याने दिवसाची वेळ लिहिली होती आणि जेवणाच्या सदरात एक तास. मी बिल पाठवले. पाचव्या-सहाव्या दिवशी चेअरमनांची जीप फाटकात उभी राहिली. मारुती बाकावर पंपाची पितळी बुश घासत होता. त्याने मान वर केली नाही. चेअरमन त्याच्या शेजारून सरळ काचेच्या खोलीत आले.

"बाई, बिल चुकलंय."

"काय चुकलं, आप्पा?"

"जेवण एकच लावलंय. दोन डाव जेवला की त्यो."

मी दारातून मारुतीला हाक मारली. तो हातात बुश घेऊन तसाच आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"आप्पा, दुपारचं जेवलो. सांजचं काम चालू हुतं. मोटर फिरत हुती, बेअरिंग तापतंय का बघत हुतो. एका हातानं खाल्लं. त्यो तास कामाचाच हाय."

"भाकरी कुनाच्या घरची हुती?"

"तुमच्या."

"नदीवर कुनी आणली?"

"काकींनी. चिखलातनं आल्या."

"चिखलातनं आल्या. आनि बसल्या का न्हाय तिथं, तू खाईपातूर?"

"बसल्या."

"मग जेवला का न्हाय, तेवढं सांग. मोटर फिरत हुती का थांबली हुती, ते मला इचारायचं न्हाय."

मारुती हातातली बुश फिरवत राहिला. मशीनवरच्या हिरव्या अक्षरांपुढे मी हात रोखून बसले होते. त्याने जे सांगितले असते तेच मी भरणार होते. आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला, "आरं, जेवलो म्हण की, आनि बाईंना मोकळं कर. तास माझा जातोय, तुझं काय जातंय?"

मारुतीने बुश खिशात टाकली आणि चपला काढून आत आला.

"जेवलो, आप्पा," तो म्हणाला. "पोटभर."

मी दुसरा तास त्या सदरात टाकला. बेरीज जुळली, दिवस बंद झाला, आणि प्रिंटरने नवीन बिल काढले. चेअरमनांनी ते उभ्यानेच वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि मारुतीला म्हणाले, "चल, जीपपातूर ये."